पहूरकडची पोर्तुगीज बाई

मेहेरबान कलेक्टरसाहेब यांचे सेवेशी, अर्जदार विनंतीपूर्वक लिहून देतो ऐसा जे...

छे, छे! पाहा, हाताची सवय कशी असते! संपादकांनी दिवाळी अंकासाठी आठवणी मागितल्या, मी मोठ्या ऐटीत टाक दौतीत बुडवला आणि हात आपला अर्जच लिहायला लागला. मंडळी शेजारी वाती वळत बसली होती. म्हणाली, "आता तर कलेक्टरसाहेब बोटीत बसून विलायतेला गेला. अर्ज करता कोणाला?" खरंच की. साहेब गेला, त्याचा बादशहा गेला, मी मात्र अजून 'सेवेशी'तच अडकलोय. असो. सुरुवात पुन्हा करतो.

आमचा धंदा अर्जनविसाचा. लोक 'रायटर' म्हणायचे. कचेरीच्या कुंपणालगत लिंबाखाली सतरंजी, पुढ्यात उतरतं डेस्क, दौत, टाक, टीपकागद, झालं आमचं दुकान. माणूस यायचा तो तापलेलाच यायचा. कोणाचा बांध कोरलेला, कोणाची कपाशी शेजारच्या बैलांनी खाल्लेली. तो आधी पोटभर शिव्या द्यायचा, आम्ही मान डोलवायची आणि त्या शिव्यांतून हकिगत वेचून सभ्य भाषेत कागदावर उतरवायची. हीच आमची सगळी विद्या. शिंदखेड्याच्या एका आबांना मी त्यांचा अर्ज वाचून दाखवला, तर ते माझ्यावरच उखडले. "अरे रायटर, मन्ह्या गाळी कुठे गयात? बठ्ठ्या लिख!" मी म्हटलं, आबा, साहेब रागावेल. आबा म्हणाले, "त्याले रागच येवाले जोयजे, त्यानाकरता तर वना मी!" शेवटी एक अगदी बारीकशी शिवी घातली, तेव्हा म्हातारा अंगठा उठवायला तयार झाला.

मी मूळ धुळ्याचा. मी या धंद्यात पडलो त्याच सुमाराला सरकारनं आमच्या खानदेशाचे दोन जिल्हे केले, पूर्व आणि पश्चिम, आणि पूर्वेची कचेरी नेली जळगावला. तरी जुनी माणसं सवयीनं धुळ्यालाच येत. पहूरकडचे एक आबा पायपीट करत आले, त्यांना मी सांगितलं, "आबा, तुमचं गाव आता इथलं नाही, जळगावला जा." आबा माझ्याकडे बघतच राहिले. "मी हाललो नही. गाव बी हाललं नही. मंग हाललं कोन?" मी तेव्हा तरुण, अंगात मस्ती, मी खदखदून हसलो. पुढे अर्धं गिऱ्हाईक जळगावला जायला लागलं म्हणून मीही डेस्क उचलून त्यांच्यामागे जळगावला गेलो. आबांचा तो सवाल मी पार विसरलो होतो. एका बाईनं तो मला पुन्हा विचारला. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

साल नक्की आठवत नाही, तिसाच्या आगेमागे असेल. उन्हाळ्याच्या तोंडी एक बाई तरातरा चालत लिंबाखाली आली. नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू, वय तिशीच्या आतबाहेर. मागे एक उंच, सडपातळ, गरीब चेहऱ्याचा माणूस, त्याच्या अंगाला इंजिनच्या तेलाचा वास.

"रायटर तुम्हीच का?"

"हो अक्का, बसा."

"बसाले टाइम नही. माले पह्यले सांगा, मी कोन शे?"

धंद्याच्या वीस-पंचवीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. तिनं कनवटीची नोटीस काढून पुढे टाकली. लोकल बोर्डाची निवडणूक जवळ आली होती. मतदारांच्या यादीतल्या तिच्या नावावर कोणी तरी हरकत घेतली होती. मी वाचत गेलो आणि मला हसू आवरेना. दोन्ही हातांनी तोंड दाबलं तरी फुटलंच.

"अक्का," मी म्हटलं, "यात लिहिलंय की तुम्ही पोर्तुगीज आहात."

"ते काय ऱ्हास?"

मागचा माणूस हळूच म्हणाला, "गे, म्हजेसारकी."

मग सगळा उलगडा झाला. बाईंचं नाव कौतिकबाई. गाव पहूरजवळचं, निजामाच्या सरहद्दीला लागून. बाप बागाईतदार, आई लहानपणीच गेलेली, ही एकुलती एक. बापानं हौसेनं विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं आणि ते आठ दिवसांत बंद पडलं. सरहद्दीपलीकडे मोगलाईत कापसाच्या एका जिनात गोव्याचा फिटर होता, पुरसो त्याचं नाव, म्हणजे कागदोपत्री पुरुषोत्तम. त्याला बोलावलं. इंजिन चालू झालं, पुन्हा बंद पडलं, पुन्हा पुरसो आला. असं इंजिन फारच वेळा बंद पडायला लागलं तेव्हा म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की यात मुलीचाही हात आहे. ती रोज त्यात माती घालत होती! म्हातारा हुशार, त्यानं पुरसोला घरजावईच करून टाकला.

गावात गहजब झाला. जात वेगळी, मुलूख वेगळा, त्यात तो मासे खाणारा. भाऊबंदांत पुढारी होता कौतिकबाईंचा चुलतभाऊ, सारा गाव त्याला नाना म्हणे. त्यानं जातीची बैठक बसवली आणि ठरवून टाकलं की हे लग्नच नाही. पंगत बंद, हळदीकुंकू बंद, आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सगळ्या माहेरवाशिणी झोक्यावर चढल्या तरी हिला कोणी हाक मारायची नाही. वर्षभरात बाप गेला, बागाईत हिच्या नावावर आलं आणि त्याचा सारा भरते म्हणून हिला मत मिळालं. आता निवडणुकीला नानाच उभा! कौतिकबाईनं पाणवठ्यावर सांगून टाकलं की मन्हं मत नानाले भेटाव नही. झालं, नानानं कोणा वकिलाला विचारून ही हरकत ठोकली.

आणि हरकत होती कायद्याला धरून, हेच तर दुखणं. तेव्हाचा कायदा असा की बायको नवऱ्यामागे. नवरा परक्या राज्याचा तर बायकोही त्या राज्याची, मग तिचा जन्म कुठलाही असो. गोवा पोर्तुगालचा, पुरसो पोर्तुगालचा, म्हणून भाकरी थापणारी, कपाशी वेचणारी, पहूरच्या बाजारापलीकडे फारसं न पाहिलेली ही कौतिकबाई पोर्तुगालची.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकदम डोळ्यांत पाणी. "मन्ही नाळ त्या वाड्यात पुरेल शे, भाऊ. आन मी परकी?"

माझं हसणं तिथल्या तिथं आटलं. पण डोकं पळायला लागलं होतं. "अक्का," मी म्हटलं, "नाना स्वतःच्याच खड्ड्यात पडलाय! इतकी वर्षं तोच ओरडतोय ना, की लग्न झालं नाही? मग लग्नच नाही तर तुम्ही पोर्तुगीज कशा? सुनावणीला तुम्ही एवढंच सांगा, की हा पुरुषोत्तम आमचा इंजिनवाला. त्याचं नाव घ्या सरळ, परक्या माणसाचं घेतात तसं. हरकत जागच्या जागी मेली! मग घरी जा आणि पूर्वीसारखा संसार करा. कागदाला काय कळतंय?"

स्वतःच्या अकलेवर मी असा खूश झालो की विचारू नका. बाईनं नोटीस घडी करून कनवटीला लावली. पुरसो मात्र खाली बघत म्हणाला, "घे म्हजें नांव. म्हाका वायट दिसचें ना." वाईट वाटणार नाही, म्हणत होता. आवाजावरून वाटत होतंच.

सुनावणी गावच्या चावडीत. मामलेदार धुळ्याचेच, माझ्या ओळखीचे, गोल, गोड स्वभावाचे गृहस्थ. चावडी गच्च भरलेली, बाहेर ओट्यांवर बायका. मी कौतिकबाईंच्या मागे बसलो होतो. मामलेदारांनी नानाला विचारलं, "या बाईचं लग्न या माणसाशी झालंय असं तुमचं म्हणणं?"

नाना उठला. एक नजर भाऊबंदांकडे टाकली, घाम पुसला आणि म्हणाला, "हो साहेब. लगीन व्हयेल शे. कौतिक त्यानी धरमनी बायको शे."

चावडीत असा काही हुंकार उठला! कालपर्यंत हाच माणूस या लग्नाच्या नावानं पाणी सोडत होता. एक म्हातारा खेकसला, "नाना, मंग आपन बैठक कसानी बसाडेल व्हती?" नाना म्हणे ते येगळं. दुसरा म्हणे येगळं कसं? दोघांची जुंपली. मामलेदारांनी लग्न लावणाऱ्या भटजींना बोलावलं. ते बिचारे दोन्हीकडून अडकलेले. हो म्हणावं तर जातवाले रागावणार, नाही म्हणावं तर नाना. म्हणाले, "महाराज, मंत्र म्हटले, पण मनातल्या मनात." मामलेदारांनी रुमालात तोंड लपवलं, त्यांचे खांदे हलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

शेवटी डोळे पुसून ते म्हणाले, "बाई, हे लोक काही एका सुरात बोलत नाहीत. आता तुम्हीच सांगा. हा शेजारी उभा आहे तो कोण? नाव सांगा त्याचं."

मी मागून कुजबुजलो, "बोला अक्का, पुरुषोत्तम इंजिनवाला. बोला!"

आता नवऱ्याचं नाव आपल्या बायका घेत नाहीत हे काय सांगायला हवं? घेतलंच तर उखाण्यात. सारी चावडी तिच्या तोंडाकडे बघत होती. ती जर सरळ म्हणाली 'पुरुषोत्तम', तर तो नवरा नव्हे. कौतिकबाईंनी पुरसोकडे पाहिलं. तो अजून खालीच बघत होता. त्यांनी डोईवर पदर घेतला, नीट चापून घेतला, नानाकडे वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"धडधड चाले इंजन, पानी चढे पाटाले,
मत जावो खड्ड्यात, पुरसोत्तमराव मन्हा वाट्याले!"

अहो, काय सांगू! ओट्यांवरच्या बायका अशा हसल्या, अशा टाळ्या पिटल्या की चावडीच्या आढ्यातली कबुतरं उडाली. आखाजीला झोक्यावर जसा गिल्ला होतो तसा गिल्ला. एक म्हातारी बंदी-बिंदी विसरून ओरडली, "आजून एक घे, कौतिक!" पुरसो लाल झाला होता आणि लहान पोरासारखा हसत होता. मामलेदारही मोकळेपणानं हसले, मग टाक उचलला आणि हरकत मंजूर केली. दुसरं करणार काय? बाईनंच भर चावडीत कबूल केलं होतं.

नाना जिंकला. पण चेहरा हरल्यासारखा. कौतिकबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "नाना, लगीन व्हयेल शे, बठ्ठा गावना देखत बोलनास तू. आते पंगतले बोलावनं पडी."

बाहेर आल्यावर मी मात्र भडकलो. इतका सुंदर डाव मी मांडला होता! "अक्का, जिंकलेलं मत तुम्ही घालवलंत!"

"मत काय भाऊ, पुढला वखतले येई," त्या म्हणाल्या. "नवराले एकदा नही म्हटलं ना, मंग परत हो म्हनता येत नही." मग लगेच कमरेला हात. "आते सांगा. ते मत परत कसं आनानं?"

मार्ग होता. परक्या मुलखातल्या माणसाला इथली प्रजा करून घेण्याचा कायदा सव्वीस सालीच झाला होता. मजा बघा, बाई इथली, तिला काही करता येत नाही. अर्ज करायचा तो नवऱ्यानं. तो इथला झाला की त्याच्यामागोमाग ती आपोआप परत इथली. पण अर्ज तरी कधी करता येतो? तर आदल्या आठ वर्षांत मिळून पाच वर्षं इंग्रजी मुलखात राहायला हवं, इथली एखादी भाषा यायला हवी, चालचलणूक चांगली हवी आणि पुढेही इथंच राहायचा इरादा हवा. पुरसोची भाषा, चालचलणूक, इरादा सगळं ठीक. अडलं ते पाच वर्षांवर. त्याची आधीची वर्षं गेलेली मोगलाईत, आणि मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य, ती या हिशेबात धरत नाहीत. लग्नानंतरची तेवढी धरायची, त्यातही दर चवथीला गणपतीसाठी तो आईकडे गोव्याला जायचा. अजून दोनेक वर्षं थांबणं भाग होतं.

मी बजावलं, "पुरसो, आता बाहेर पाऊल टाकायचं नाही. शेवटच्या वर्षात तर अजिबात नाही." मी आपलं रीतीप्रमाणे बोललो. कौतिकबाईंनी ते ब्रह्मवाक्य धरलं.

सरहद्दीचा दगड त्यांच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर. पलीकडच्या गावांत इंजिनं झाली होती आणि ती बिघडली की लोक पुरसोला बोलवायला येत. कौतिकबाई दगडावर उभ्या राहून सांगत, "मन्हा नवरा येवाव नही. इंजन आठे आना!" आणि लोक आणायचे हो! चार चार बैल जुंपून अख्खं इंजिन गाड्यावर घालून दगडाच्या अलीकडे. मी एकदा स्वतः पाहिलं. गाडा उतारावर रुतला, चाक मोगलाईत आणि नळकांडं इंग्रजीत. पुरसोनं अलीकडच्या बाजूला बसून जेवढं हाताला येत होतं तेवढं दुरुस्त केलं आणि हाक मारली, "आता गाडो फिरवा!" गाडीवान निजामाच्या मुलखात उभा राहून विडी ओढत होता, म्हणाला, "काय राव, दोन पावलं इकडे आला तर काय बिघडतंय?" त्यावर कौतिकबाईंनी त्याला जे सुनावलं ते माझ्या डेस्कवर कधीच बसलं नसतं.

पण चवथ जवळ आली आणि पुरसो गप्प झाला. जेवेना. म्हातारी आई तिकडे एकटी, गणपती मांडायला हाच. कौतिकबाई चार दिवस बघत होत्या, पाचव्या दिवशी जळगावला माझ्याकडे हजर. "भाऊ, सासूले आठे आनता येई का? तिनाकरता काही कायदा?" मी म्हटलं, आईला काही कायदा नाही, तिला आणा खुशाल. लगेच मला पत्र लिहायला बसवलं.

म्हातारी आली! गावात आवई उठली की फिरंगी सासू येतेय. पोरंटोरं, बायाबापड्या सगळे वेशीवर. कोणी म्हणे टोपी घालती, कोणी म्हणे झगा. आणि गाड्यातून उतरली कोण, तर नऊवारी नेसलेली, अंबाड्यात फुलांची वेणी, हातात तांब्याभर तुळशीचं पाणी घेतलेली एक बारकीशी आजी. वेशीवरच्या मारुतीला तिनं साष्टांग नमस्कार घातला. बायका हिरमुसल्या, मग कौतुकानं भोवती जमल्या. तिची भाषा कोणाला कळेना, पण गणपतीवर तिनं फळाफुलांची जी माटोळी बांधली ती बघायला नानाची बायकोसुद्धा मागच्या दारानं येऊन गेली. फक्त एक घोटाळा झाला. आजीनं लेकासाठी सुके बांगडे आणले होते आणि चवथ सरल्यावर ते इंजिनच्या खोलीत भाजले. वास गावभर. नानाच्या शेतातून चार गडी पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आले, त्यांना वाटलं इंजिन जळालं.

निघताना आजीनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि काहीतरी बोलली. पुरसोनं मला नंतर सांगितलं. आई म्हणाली होती, तू खंयचो जालो तरी म्हजोच मरे. म्हणजे तू कुठलाही झालास तरी माझाच ना. त्यानंतर तिचं येणं झालं नाही, पुढल्या चवथीआधीच गेली, आणि माझ्या त्या बजावण्यामुळे पुरसो पोचला नाही. एवढी एक गोष्ट मला आजही टोचते. कायदा तसाच होता, मी काही खोटं सांगितलं नव्हतं, तरी टोचते.

दिवस भरले, अर्ज गेला. मी आयुष्यात एवढं सुंदर अक्षर कधी काढलं नसेल. फौजदार चौकशीला आला, तर गावानं एकमुखानं सांगितलं, माणूस सोन्याचा, फक्त मासे खातो. मग भाषा येते का ते बघायला प्रांतसाहेबांनी जळगावला बोलावलं. साहेब गोरा, तरुण, पुस्तकातली मराठी शिकलेला. खुर्चीत ताठ बसून म्हणाला, "आपण उपजीविकेसाठी कोणता व्यवसाय करता?"

पुरसो म्हणाला, "इंजन दुरुस्त करस, साहेबबाब. पानी चढनं की मालक खूश, नही चढनं की गाळी."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. "ही मराठी आहे?"

"आहे साहेब. आमच्या पहूरकडची. थोडी गोव्याची फोडणी पडलीय."

तेवढ्यात खिडकीतून आवाज, "तसं नही, व्यवसाय इचारी ऱ्हायना साहेब! बागाईत बी सांग!" कौतिकबाई! साहेब म्हणाला, बाईंनी उत्तर देऊ नये. बाई म्हणाल्या, "तो चुकस ना साहेब!" साहेब विचारात पडला. मग त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "बाईंना आत बोलवा. तुम्ही दोघं भांडा. मी ऐकतो."

दोघं आधी लाजली. मग कौतिकबाईंनी सासूच्या सुक्या बांगड्यांचा विषय काढला. झालं! इंजिनच्या खोलीचा वास, सासरा असता तर, तू माती घातलीस तेव्हा, तुझी माती बरी मन्हा बांगडा वाईट का, असं जे चाललं ते थांबेचना. पुरसोला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. साहेब टेबलावर थाप मारून हसत होता. "पुरे, पुरे," म्हणाला, "भाषेचं ज्ञान भरपूर आहे," आणि तसा शेरा मारला.

मुंबईहून दाखला आला. शपथ कलेक्टरसाहेबांपुढे. साहेब म्हातारा, कडक, कधी न हसणारा. बादशहा, त्यांचे वारस, त्यांच्याशी इमान, हे सगळं तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत सांगितलं, पुरसो माझ्यामागून म्हणत गेला. दाखला हातात द्यायच्या आधी साहेबानं थांबून विचारलं, "तुला आमच्या बादशहाची प्रजा का व्हायचं आहे?"

मी हळूच सांगितलं, म्हण, राज्य न्यायी आहे. पुरसोनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"माले काही नको साहेब," तो म्हणाला. "ही मन्ही व्हयनी म्हनीसन परकी व्हयनी. तिले परत आठेनी कराले वनू."

साहेबाला मी ते जसंच्या तसं सांगितलं, की ही माझी झाली म्हणून परकी झाली, तिला परत इथली करायला आलोय. त्या म्हाताऱ्यानं खुर्ची मागे सारली. मग उठून उभा राहिला आणि दाखला पुरसोच्या हातात न देता कौतिकबाईंच्या हातात दिला.

बाहेर लिंबाखाली आल्यावर त्यांनी मला विचारलं, "भाऊ, म्हंजे मी आते परत आठेनी?"

"हो अक्का. आजपासून."

"मंग मधला सालस्मा मी कुठली व्हती?" मग म्हणाल्या, "मी तर कुठेच गयती नही."

मला धुळ्याला आलेले ते पहूरकडचे आबा आठवले. तेव्हा हसलो होतो. या वेळी नाही हसलो. मी डेस्क उघडलं, बंद केलं, आणि म्हटलं, चला, चहा पिऊ.

पुढली निवडणूक आली. नाना पुन्हा उभा. एव्हाना गावातली इंजिनं वाढली होती, नानाच्याही विहिरीवर एक होतं आणि ते पुरसोवाचून चालत नव्हतं. पंगतीचा प्रश्न असा आपोआप सुटत चालला होता, पण उघडपणे, तोंडानं, कोणी काही बोललं नव्हतं. जवाई म्हणून हाक कोणी मारली नव्हती.

मी मुद्दाम बघायला गेलो. शाळेत मतदान. नाना दाराशी हात जोडून उभा, भोवती त्याची माणसं. कौतिकबाई नवं लुगडं नेसून आल्या, मागे पुरसो. आतला कारकून जळगावचा, नवखा. यादीवर बोट ठेवून म्हणाला, "नाव?"

"कौतिकबाई."

"नवऱ्याचं नाव?"

सगळ्यांना तो उखाणा आठवत होता, आणि दोघीतिघी तर ऐकायला पुढे सरसावल्या. कौतिकबाई तोंड उघडेनात. कारकून चिडला. "बाई, नाव सांगितल्याशिवाय कागद मिळणार नाही."

कौतिकबाईंनी डोईवर पदर घेतला, सावकाश वळल्या आणि दाराशी हात जोडून उभ्या असलेल्या नानाकडे बोट केलं.

"मी कशी घेऊ नाव? माहेरना मानूस उभा शे ना. त्याले इचारा."

नानाचे हात जोडलेलेच राहिले. त्यानं पुरसोकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, खाली जमिनीकडे पाहिलं. कारकून टाक धरून थांबला होता. आणि मग नानानं घसा साफ केला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पुरसोत्तमराव. आम्हना जवाई शेत."